भरकटलेली फेक आणि बेसची बहाली : बेसबॉल पंचाच्या निर्णयामागील कालगणना

प्रस्तावना

पहिल्या बेसवर एक धावक उभा आहे. पिचरने चेंडू टाकताच तो दुसऱ्या बेसच्या दिशेने धावत सुटतो. फलंदाजाने मारलेला सरपटता चेंडू शॉर्टस्टॉपच्या हाती लागतो. दुसऱ्या बेसवर धावक पोहोचलाच आहे हे पाहून शॉर्टस्टॉप चेंडू पहिल्या बेसकडे फेकतो. पण फेक उंच जाते आणि पहिल्या बेसवरील खेळाडूच्या डोक्यावरून थेट डगआउटमध्ये शिरते. पंच दोन्ही हात वर करून खेळ थांबवतो आणि धावकाला तिसऱ्या, तर फलंदाजाला दुसऱ्या बेसवर जाण्याची खूण करतो. अशा वेळी प्रेक्षकांत हमखास कुरबुर सुरू होते. भरकटलेल्या फेकीबद्दल दोन बेस मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असते. धावक फेकीच्या वेळी दुसऱ्या बेसवर होता, मग दोन बेस म्हणजे तिसरा आणि होम प्लेट. म्हणजे एक धाव मिळायला हवी होती, असा त्यांचा हिशोब असतो. हिशोबातील बेरीज बरोबर आहे. चूक आहे ती मोजणी कोठून सुरू करावी याबाबत.

बेसबॉलमधील पंचाला अशा प्रसंगी कशाचाही अंदाज बांधायचा नसतो. फेक अचूक असती तर धावक कोठवर गेला असता, त्याचा वेग किती होता, चेंडू डगआउटमध्ये गेला नसता तर क्षेत्ररक्षकाला तो उचलून आणण्यास किती वेळ लागला असता, यांपैकी एकही प्रश्न त्याच्यासमोर नसतो. बहाल करावयाच्या बेसची संख्या नियमाने आधीच ठरवून दिलेली असते. पंचाने शोधायचा असतो तो फक्त एक क्षण. त्या क्षणी कोण कोठे होता हे ठरले की उरते ती केवळ गणना. प्रस्तुत लेखात हा क्षण कसा निश्चित केला जातो आणि तो प्रत्येक वेळी एकच का नसतो, याचे विवेचन केले आहे.

चेंडू मृत केव्हा होतो

बेसबॉलच्या चार बेसचा चौरस प्रत्येक बाजूस ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असतो. होम प्लेटपासून निघालेला खेळाडू पहिला, दुसरा व तिसरा बेस क्रमाने स्पर्श करून परत होम प्लेटवर आला की एक धाव होते. क्षेत्ररक्षकांच्या फेकी या चौरसाच्या आतबाहेर सतत होत असतात आणि त्यांतील कित्येक चुकतात. परंतु चुकलेली प्रत्येक फेक बेसची बहाली घडवीत नाही. चेंडू मैदानाच्या हद्दीत राहिला तर तो जिवंतच असतो. धावकांनी आपल्या जबाबदारीवर पुढे धावावे आणि क्षेत्ररक्षकांनी चेंडू गाठून त्यांना बाद करण्याचा प्रयत्न करावा, एवढेच तेथे घडते. पंच निव्वळ साक्षीदार असतो.

या भेदाचे ठळक उदाहरण म्हणून २६ ऑक्टोबर २०१३ रोजी सेंट लुईस येथे झालेल्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्याकडे पाहता येईल. नवव्या डावाच्या उत्तरार्धात धावसंख्या ४-४ अशी बरोबरीत होती. बॉस्टन रेड सॉक्सचा कॅचर जॅरड सॉल्टलामाकिया याने होम प्लेटवर एक धावक बाद करून लगेच तिसऱ्या बेसकडे चेंडू फेकला. फेक चुकली आणि चेंडू डाव्या बाजूच्या मैदानात निसटला. मात्र तो हद्दीबाहेर गेला नाही. तिसऱ्या बेसवरून उठून होमकडे धावू पाहणारा सेंट लुईस कार्डिनल्सचा ॲलन क्रेग जमिनीवर पडलेल्या विल मिडलब्रुक्सच्या अंगावर अडखळला. पंच जिम जॉइस यांनी अडथळ्याची खूण केली. क्रेग होम प्लेटवर उशिरा पोहोचला, त्याला चेंडूने स्पर्शही झाला, तरीही त्याची धाव मान्य झाली आणि सामना ५-४ असा संपला. ही धाव भरकटलेल्या फेकीबद्दल मिळालेली नव्हती, कारण चेंडू जिवंत होता. ती मिळाली अडथळ्याबद्दल. अडथळ्याच्या नियमात पंचाला तर्क करावा लागतो : अडथळा नसता तर धावक कोठवर गेला असता, हे तो ठरवतो. प्रेक्षकाने मैदानात हात घालून चेंडू अडवला तरी पंचाला असाच तर्क करावा लागतो. भरकटलेल्या फेकीच्या नियमाने मात्र पंचाकडून हा अधिकार जाणीवपूर्वक काढून घेतला आहे.

फेकलेला चेंडू प्रेक्षकांच्या आसनांत किंवा खेळाडूंच्या बाकांकडे गेला, कुंपणावरून, खालून वा आरपार गेला, होम प्लेटमागील जाळीच्या उतरत्या भागावर पडला किंवा जाळीत अडकून राहिला, की तो मृत होतो. डगआउटमध्ये जाऊन तो उसळून परत मैदानात आला तरी मृतच राहतो. परत आलेला चेंडू उचलून धावकाला बाद करण्यासाठी धडपडणारे क्षेत्ररक्षक अनेकदा दिसतात; ती धडपड व्यर्थ असते. नियमाच्या आरंभी ‘मैदानावर प्रेक्षक नसताना’ अशी एक अट आहे. आजच्या वाचकास ती चमत्कारिक वाटेल. आसने भरल्यावर उरलेला जमाव मैदानाच्या कडेला उभा राहण्याच्या काळाची ती खूण आहे. अशा जमावात गेलेल्या चेंडूचे काय करावयाचे, हे त्या मैदानापुरत्या विशेष नियमांनी सामन्यापूर्वी ठरवले जाते आणि ते सुचवण्याचा अधिकार यजमान संघाच्या व्यवस्थापकाकडे असतो.

दोन क्षण

या विषयाचा मुख्य नियम सध्याच्या अधिकृत नियमपुस्तकात ५.०६ (बी) (४) (जी) या क्रमांकाने आढळतो. २०१५ मध्ये नियमपुस्तकाची फेररचना होण्यापूर्वी तो ७.०५ (जी) होता आणि जुने पंच आजही त्याच क्रमांकाने त्याचा उल्लेख करतात. त्याचा आशय थोडक्यात असा : फेकलेला चेंडू हद्दीबाहेर गेल्यास प्रत्येक धावकास दोन बेस मिळतात. ही फेक इनफिल्डरने पिचिंगनंतर केलेल्या पहिल्याच प्रयत्नाचा भाग असेल, तर चेंडू पिच केला गेला त्या वेळच्या स्थानांपासून बेस मोजावेत. इतर सर्व बाबतींत फेक केली गेली त्या वेळच्या स्थानांपासून मोजावेत.

म्हणजे पंचाजवळ जणू दोन घड्याळे असतात. एक चेंडू पिच केला जातो तेव्हा थांबते, दुसरे क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटतो तेव्हा. कोणते घड्याळ पाहायचे हे फेक कोणी केली आणि ती कितव्या प्रयत्नातील होती यावरून ठरते. आरंभी दिलेल्या प्रसंगात शॉर्टस्टॉपची फेक हा इनफिल्डरचा पहिलाच प्रयत्न होता. पिचिंगच्या वेळी धावक पहिल्या बेसवर आणि फलंदाज होम प्लेटवर होता. म्हणून धावकास तिसरा व फलंदाजास दुसरा बेस. धावकाने मधल्या वेळात दुसरा बेस गाठला होता, ही गोष्ट खरी असूनही निर्णयाच्या दृष्टीने ती अप्रस्तुत ठरते.

हा नियम प्रथमदर्शनी अन्यायकारक वाटतो. ज्या धावकाने धाडस करून लवकर धाव घेतली त्याचे श्रेय नियमाने का हिरावून घ्यावे? याचे उत्तर खेळाच्या ओघातच सापडते. इनफिल्डरकडे गेलेल्या चेंडूचा पहिला प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो. त्या वेळात सर्वसाधारणपणे फलंदाज पहिल्या बेसपर्यंत पोहोचलेला नसतो आणि इतर धावकही दोन बेसच्या मध्ये असतात. पहिल्या बेसवरील पंचाची नजर बेसला लागलेल्या पायावर आणि कान चेंडू हातमोज्यात पडण्याच्या आवाजाकडे असतात. त्याच क्षणी साठ-सत्तर फुटांवर पाठीमागे धावणाऱ्या दुसऱ्या खेळाडूचे पाऊल बेसवर पडले होते की नव्हते, हे त्याने निश्चित सांगावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे. जेथे दोनच पंच काम पाहतात अशा सामन्यांत तर ते जवळपास अशक्य आहे. पिचिंगच्या वेळी मात्र सर्व धावक कोठे होते याविषयी कोणाचाही वाद नसतो. वादातीत क्षण निवडून नियमाने थोडा न्याय गमावला आणि बरीच निश्चितता मिळवली, असे म्हणता येईल.

आउटफिल्डरच्या फेकीबाबत परिस्थिती वेगळी असते. चेंडू दूर गेलेला असतो, तो गाठून फेकेपर्यंत धावकांनी एकेक, कधी दोन-दोन बेस पार केलेले असतात. तेथे पिचिंगच्या क्षणापासून मोजल्यास धावकांनी स्वतः कमावलेले बेसच बहालीत जिरून जातील. म्हणून तेथे फेकीचा क्षण. पहिल्या बेसवर धावक असताना फलंदाजाने उजव्या मैदानात चेंडू मारला, क्षेत्ररक्षकाने तो तिसऱ्या बेसकडे फेकला आणि चेंडू डगआउटमध्ये गेला असे समजू. फेकीच्या क्षणी धावकाने दुसरा बेस ओलांडला असेल तर त्यास होम प्लेट मिळते, म्हणजे धाव होते. तो दुसऱ्या बेसच्या एक पाऊल अलीकडे असेल तर त्यास तिसराच बेस मिळतो. एका पावलावर एक धाव अवलंबून असते आणि कित्येकदा संपूर्ण सामनाही.

हातातून सुटण्याचा क्षण

‘फेक केली गेली तेव्हा’ या शब्दांचा अर्थ नियमपुस्तकाने मोकळा सोडलेला नाही. चेंडू खेळाडूच्या हातातून प्रत्यक्ष सुटतो तो क्षण. तो जमिनीवर आपटतो तो नव्हे, घेणाऱ्या खेळाडूला चुकवून पुढे जातो तो नव्हे आणि हद्दीबाहेर पडतो तोही नव्हे. उजव्या मैदानाच्या खोल भागातून तिसऱ्या बेसपर्यंत चेंडूला हवेत दोन सेकंदांहून अधिक काळ लागू शकतो. चपळ धावक तेवढ्यात पंधरा मीटर अंतर कापतो. त्या दोन सेकंदांतील प्रगती बहालीच्या हिशोबात धरली जात नाही. यात तत्त्वही आहे. चूक झाली ती हातातून चेंडू सुटताना. त्यानंतरचा प्रवास हा त्या चुकीचा केवळ परिणाम आहे. मोजणी चुकीच्या क्षणापासून व्हावी, परिणामाच्या क्षणापासून नव्हे.

मराठी वाचकास हे तत्त्व अनोळखी नाही. क्रिकेटच्या नियमावलीतील १९.८ हा ओव्हरथ्रोचा नियम याच पायावर उभा आहे. क्षेत्ररक्षकाच्या फेकीमुळे चेंडू सीमेपार गेल्यास सीमेच्या चार धावा, फलंदाजांनी पूर्ण केलेल्या धावा आणि चालू असलेली धाव मिळते. मात्र ही चालू धाव धरण्यासाठी फेकीच्या वा त्या कृतीच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेले असले पाहिजे. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकातील तीन चेंडूंवर इंग्लंडला ९ धावा हव्या होत्या. मार्टिन गप्टिलची फेक दुसऱ्या धावेसाठी झेप घेणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेली. पंच कुमार धर्मसेना व मराय इरॅस्मस यांनी सहा धावा दिल्या. गप्टिलच्या हातातून चेंडू सुटला तेव्हा स्टोक्स व आदिल रशीद यांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडले नव्हते, हे नंतर चित्रफितीत स्पष्ट दिसले. म्हणजे पाचच धावा व्हायला हव्या होत्या आणि पुढचा चेंडू रशीदने खेळायला हवा होता. माजी पंच सायमन टॉफेल यांनी हे जाहीरपणे मांडले आणि धर्मसेना यांनी पुढे चूक मान्यही केली. सामना आणि त्यानंतरचे सुपर षटक बरोबरीत सुटून सीमापार फटक्यांच्या २६ विरुद्ध १७ या संख्येवर इंग्लंड विजेता ठरला, हे सर्वश्रुत आहे.

या घटनेचा बेसबॉलच्या दृष्टीने अर्थ असा की, नियम कितीही निःसंदिग्ध असला तरी तो क्षण टिपणारा डोळा हवा. फेक होताना पंचाची दृष्टी स्वाभाविकपणे चेंडूमागे ओढली जाते आणि चेंडू सीमेपार जाईल याची त्या क्षणी कोणालाच कल्पना नसते. बेसबॉल पंचांच्या प्रशिक्षणात म्हणून एक सवय लावली जाते : चेंडू हातातून सुटताना धावकांकडे एक कटाक्ष टाकावा, मग फेक कोठे जाते ते पाहावे. हजार वेळा हा कटाक्ष निरुपयोगी ठरतो. एक हजार एकाव्या वेळी तोच एकमेव पुरावा असतो.

महाराष्ट्रातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बेसबॉलबरोबर सॉफ्टबॉलही खेळला जातो आणि अनेकदा तेच शिक्षक दोन्ही खेळांत पंच म्हणून उभे राहतात. सॉफ्टबॉलमध्ये भरकटलेल्या फेकीसाठी चेंडू हातातून सुटण्याचा एकच क्षण धरला जातो. पिचिंगचे घड्याळ तेथे नाही. सॉफ्टबॉलची सवय घेऊन बेसबॉलच्या मैदानावर उतरलेला पंच प्रस्तावनेतील प्रसंगात धावकास होम प्लेट देऊन मोकळा होण्याचा संभव म्हणूनच फार असतो.

‘पहिला प्रयत्न’ म्हणजे काय

दोन घड्याळांपैकी योग्य ते निवडण्यासाठी ‘पहिला प्रयत्न’ ही संज्ञा नेमकी समजणे आवश्यक आहे. धावकास बाद करण्याच्या खऱ्या हेतूने केलेली कृती म्हणजे प्रयत्न : त्याला चेंडूने स्पर्श करू पाहणे, चेंडू घेऊन बेसकडे धावणे किंवा त्याला बाद करण्यासाठी सहकाऱ्याकडे चेंडू फेकणे. धावक बाद झाला की नाही याला महत्त्व नाही. फेकण्याचा नुसता आविर्भाव मात्र प्रयत्न ठरत नाही. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसकडे हात उगारून धावकास चकवले आणि मग पहिल्या बेसकडे भरकटलेली फेक केली, तर ती त्याची पहिलीच फेक आणि पहिलाच प्रयत्न होय, घड्याळ पिचिंगचेच.

नियमपुस्तकात दिलेले उदाहरण येथे उद्बोधक आहे. पहिल्या बेसवर धावक. शॉर्टस्टॉप चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकतो, पण धावक आधीच पोहोचलेला असतो. दुसऱ्या बेसवरील खेळाडू तो चेंडू घेऊन पहिल्या बेसकडे फेकतो आणि तो हद्दीबाहेर जातो. येथे पहिला प्रयत्न दुसऱ्या बेसवर होऊन गेला. भरकटलेली फेक दुसऱ्या प्रयत्नातील आहे, सबब फेकीचे घड्याळ लागू होते. दुसऱ्या बेसवर असलेल्या धावकास होम प्लेट मिळते. फलंदाजाने फेकीच्या क्षणी पहिला बेस ओलांडला असेल तर त्यास तिसरा, अन्यथा दुसरा बेस मिळतो. आरंभीचा प्रसंग आणि हा प्रसंग मैदानावर जवळपास सारखेच दिसतात. दोन्हींत चेंडू डगआउटमध्ये, दोन्हींत धावक दुसऱ्या बेसवर. फरक फक्त मधल्या एका फेकीचा, आणि त्या फरकाने एक धाव होते वा होत नाही. प्रशिक्षक तावातावाने मैदानात येतात ते बहुधा अशाच प्रसंगी.

पहिल्या प्रयत्नालाही एक अपवाद आहे. इनफिल्डरने पहिल्याच प्रयत्नात फेक केली, पण तोवर फलंदाजासह सर्व धावकांनी किमान एकेक बेस पुढे गाठला असेल, तर मोजणी फेकीच्या क्षणापासून होते. असे क्वचितच घडते. उदाहरणार्थ, दुसऱ्या बेसवर धावक असताना फलंदाजाने उंच उडवलेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या मागे मोकळ्या जागेत पडतो. शॉर्टस्टॉप मागे धावत जाऊन तो उचलतो, तोवर धावक तिसऱ्या आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचलेला असतो. मग केलेली फेक हद्दीबाहेर गेली, तर धावकास होम आणि फलंदाजास तिसरा बेस मिळतो. पिचिंगचे घड्याळ लावले असते तर फलंदाज दुसऱ्या बेसवरच थांबला असता.

या अपवादातील ‘सर्व’ हा शब्द मात्र खटकणारा आहे. वरच्याच उदाहरणात धावक झेल होईल या भीतीने दुसऱ्या बेसजवळच घुटमळला असेल, तर फलंदाजाने पहिला बेस ओलांडलेला असूनही अपवाद लागू होत नाही. धावकास दोन बेस म्हणजे होम प्लेट मिळतेच. नुकसान होते ते फलंदाजाचे, त्याला दुसऱ्याच बेसवर थांबावे लागते. एकाच्या सावधपणाची किंमत दुसऱ्याने मोजावी यात न्याय कमी आणि सोय अधिक दिसते. परंतु प्रत्येक धावकासाठी वेगळे घड्याळ लावण्याची मुभा दिली असती तर एकाच फेकीचे दोन-तीन हिशोब करावे लागले असते आणि मैदानावरील गोंधळ वाढला असता, हेही नाकारता येत नाही.

या नियमापुरता कॅचरही इनफिल्डर मानला जातो. होम प्लेटसमोर पडलेला हलका फटका उचलून त्याने पहिल्या बेसकडे केलेली फेक भरकटली, तर पिचिंगचे घड्याळ. पण फलंदाज धावकच झालेला नसेल, उदाहरणार्थ पिच केलेला चेंडू कॅचरकडून निसटला आणि तिसऱ्या बेसवरून येणाऱ्या धावकास बाद करण्यासाठी कॅचरने केलेली फेक डगआउटमध्ये गेली, तर इतर धावकांची स्थाने फेकीच्या क्षणी पाहिली जातात.

पिचरचा पाय

पिचरच्या बाबतीत बहालीची संख्याच बदलते. पिचर टेकाडावरील २४ इंच लांब व ६ इंच रुंद रबरी पट्टीला पाय लावून उभा असताना त्याने धावकास टिपण्यासाठी बेसकडे केलेली फेक थेट हद्दीबाहेर गेली, तर प्रत्येक धावकास एकच बेस मिळतो. पिच केलेला चेंडू थेट हद्दीबाहेर गेला तरीही एकच. परंतु पिचरने तो पाय पट्टीवरून मागे घेतला की त्याच क्षणी तो इनफिल्डर होतो आणि त्याच्या भरकटलेल्या फेकीस दोन बेसची शिक्षा लागू होते. पट्टीवर असताना पिचरवर चकवा देण्याबाबत अनेक बंधने असतात. पट्टी सोडताच ती गळून पडतात. मोकळीक वाढली की चुकीची किंमतही वाढते, असा हा व्यवहार आहे. ‘थेट’ या शब्दालाही येथे वजन आहे. पट्टीवरून केलेली फेक बेसवरील खेळाडूला चुकवून मैदानातच राहिली आणि नंतर कोणाच्या तरी पायाने ढकलली जाऊन डगआउटमध्ये गेली, तर एकाऐवजी दोन बेस मिळतात.

धावण्याची दिशा आणि परतीचे कर्तव्य

‘ज्या बेसकडे धावक निघाला होता तो आणि त्याशिवाय एक’ असे या नियमाचे एक सुटसुटीत रूप खेळाडूंच्या तोंडी असते. पुष्कळदा उत्तर जुळते म्हणून ते टिकून आहे, पण ते चूक आहे. दिशेला नियमात स्थान नाही. पहिल्या बेसपासून थोडा पुढे सरकलेला धावक टिपला जाऊ नये म्हणून घाईने मागे परतत असताना कॅचरने पहिल्या बेसकडे केलेली फेक हद्दीबाहेर गेली, तर त्या धावकास तिसरा बेस मिळतो. तो मागे धावत होता म्हणून ‘पहिला आणि त्याशिवाय एक’ असा हिशोब होत नाही.

दोन धावक एकाच टप्प्यात सापडले तर दोन बेसची बहाली सर्वांना देणे अशक्य होते. पहिल्या बेसवरील धावक उंच चेंडू झेलला जाईल या शंकेने पहिल्या व दुसऱ्या बेसमध्ये थांबला आहे आणि फलंदाज पहिला बेस ओलांडून त्याच्या मागे येऊन थबकला आहे. चेंडू जमिनीवर पडतो, आउटफिल्डरची पहिल्या बेसकडची फेक हद्दीबाहेर जाते. धावकास तिसरा बेस मिळतो. फलंदाजाच्या वाट्याला गणिताने तिसराच येतो, पण एका बेसवर दोघे उभे राहू शकत नाहीत. त्याला दुसऱ्यावर थांबवले जाते.

झेल झाल्यावरची स्थिती अधिक नाजूक असते. धावक पहिल्या बेसवरून निघून दुसरा बेसही ओलांडून गेला, उजव्या मैदानात झेल झाला, आणि त्याला पहिल्या बेसवर बाद करण्यासाठी केलेली फेक डगआउटमध्ये गेली. फेकीच्या क्षणी तो दुसऱ्याच्या पलीकडे होता म्हणून होम प्लेट मिळेल असे नाही. झेलानंतर त्याच्यावर मूळ बेसला परत स्पर्श करण्याचे कर्तव्य आहे आणि मोजणी त्या मूळ बेसपासूनच होते : पहिल्यापासून दोन, म्हणजे तिसरा. चेंडू मृत असतानाही तो मागे जाऊन पहिला बेस स्पर्श करू शकतो. बहाली म्हणजे बाद होण्याच्या भीतीपासून मुक्ती. मधले बेस गाळण्याची सवलत नव्हे.

या शेवटच्या मुद्द्यात एक सापळा दडलेला आहे. फलंदाजाने सरपटता चेंडू मारला, शॉर्टस्टॉपची फेक प्रेक्षकांत गेली, पण धावताना फलंदाजाचा पाय पहिल्या बेसवर पडलाच नाही. पंच त्याला दुसरा बेस बहाल करतो. चूक पंचाला दिसलेली असते, पण तो ती बोलून दाखवत नाही. कोणत्याही बाजूस सावध करणे हे त्याचे काम नव्हे. फलंदाजाने वेळीच मागे जाऊन पहिला बेस स्पर्श केला तर प्रश्न मिटला. पण चेंडू मृत असताना तो सरळ दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला, की परतीचा मार्ग बंद होतो. नवा चेंडू पिचरच्या हाती दिला जातो, पंच खेळ सुरू करण्याची खूण करतो. त्यानंतर पुढचे पिचिंग होण्यापूर्वी क्षेत्ररक्षकांपैकी कोणी चेंडू घेऊन पहिल्या बेसला स्पर्श केला आणि दाद मागितली, तर फलंदाज बाद. कोणाच्याच लक्षात आले नाही आणि पुढचा चेंडू पिच झाला, तर तो दुसऱ्या बेसवर निर्धास्त उभा राहतो.